‘प्रिसीड’ कसं वापरायचं: आधी कोण, मग कोण

इंग्रजीतलं ‘प्रिसीड’ हे क्रियापद बोलण्यात क्वचितच कानावर पडतं, पण कागदावर ते ठायी ठायी भेटतं. बँकेच्या परीक्षेतला रीझनिंगचा पेपर, कंपनी कायद्यातलं एखादं कलम, दवाखान्याचा केस पेपर, आयकराच्या नियमांतली अट, सगळीकडे हे आहेच. शब्दकोशात अर्थ एका ओळीत संपतो: आधी येणे, आधी घडणे, पुढे चालणे. ही ओळ पाठ असलेल्या मुलांची उत्तरंसुद्धा चुकतात, आणि त्याचं कारण अर्थात नसतं, दिशेत असतं. दोन गोष्टींपैकी आधी कुठली आणि नंतर कुठली, इथे गोंधळ होतो. म्हणून हा सगळा लेख दिशेभोवती बांधला आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवून वाचलात तर जास्त उपयोग होईल.

पायरी १: वाक्यातल्या दोन गोष्टी शोधा आणि बाण काढा

‘प्रिसीड’ला नेहमी दोन गोष्टी लागतात. एक आधीची, एक नंतरची. साध्या वाक्यात कर्ता आधीचा असतो आणि कर्म नंतरचं.

‘हरतालिका प्रिसीड्स गणेश चतुर्थी.’ हरतालिका भाद्रपद शुद्ध तृतीयेला, गणपती दुसऱ्या दिवशी. कागदावर लिहा: हरतालिका → गणेश चतुर्थी. बाणाच्या शेपटीकडे जे आहे ते आधी, टोकाकडे जे आहे ते नंतर. वाक्य कितीही लांबलचक असो, त्यातून हा एक बाण काढता आला की अर्थ हाती आला.

इथे मराठी माणसाच्या हातून एक चूक हमखास होते. आपल्याला ‘च्या आधी’ म्हणायची सवय असल्यामुळे इंग्रजीतही ‘प्रिसीड्स बिफोर’ किंवा ‘प्रिसीड्स टू’ असं लिहिलं जातं. ‘आधी’ हा अर्थ क्रियापदाच्या पोटातच आहे, त्यामुळे कर्म थेट जोडायचं, मध्ये काही घालायचं नाही. हीच सवय ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रिटर्न बॅक’मध्येही दिसते. ती मोडायची असेल तर ‘प्रिसीड’नंतर लगेच नाम लिहायचा सराव करावा.

रूपं सोपी आहेत: प्रिसीड, प्रिसीड्स, प्रिसीडेड, प्रिसीडिंग. क्रम ही चालू असलेली क्रिया नसते, ती ठरलेली स्थिती असते. म्हणून ‘इज प्रिसीडिंग’ असं चालू वर्तमानकाळात सहसा लिहीत नाहीत. साधा वर्तमान किंवा साधा भूतकाळ वापरलात की बहुतेक ठिकाणी काम भागतं.

पायरी २: ‘बाय’ दिसला की बाण उलटा फिरतो

खरी अडचण ‘प्रिसीडेड बाय’ या रचनेत आहे, आणि छापील मजकुरात हीच रचना सर्रास आढळते. सोडवायची युक्ती आपल्या मराठीतच आहे. ‘इज प्रिसीडेड बाय’ किंवा ‘वॉज प्रिसीडेड बाय’ एवढा भाग झाकायचा आणि त्या जागी ‘च्या आधी’ ठेवायचं. शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही.

‘मारोतराव कन्नमवार वॉज प्रिसीडेड बाय यशवंतराव चव्हाण.’ झाकून वाचा: मारोतराव कन्नमवारांच्या आधी यशवंतराव चव्हाण. बरोबर. चव्हाण १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि १९६२ साली ते दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेल्यावर कन्नमवार मुख्यमंत्री झाले.

‘फॉलोड बाय’चंही तसंच, फक्त तिथे ‘च्या नंतर’ ठेवायचं. ‘कन्नमवारांच्या नंतर…’ आणि इथेच एक बारकावा आहे, जो समजून घेण्यासारखा आहे. पुढचं नाव कोणतं? बहुतेक जण वसंतराव नाईक म्हणतील. पण नोव्हेंबर १९६३ मध्ये कन्नमवारांचं पदावर असतानाच निधन झालं, आणि ५ डिसेंबरला नाईकांनी सूत्रं हाती घेईपर्यंत काही दिवस पी. के. सावंत यांनी कारभार पाहिला. आता दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा.

‘नाईक वॉज प्रिसीडेड बाय कन्नमवार.’ हे चालतं, कारण कन्नमवार नाईकांच्या आधी होतेच.

‘नाईक वॉज इमिजिएटली प्रिसीडेड बाय कन्नमवार.’ हे चूक. ‘इमिजिएटली’ आलं की मध्ये कुणीही चालत नाही, अगदी दहा दिवसांचा मुख्यमंत्रीसुद्धा नाही. इथे फक्त सावंतांचं नाव येऊ शकतं.

हा ‘इमिजिएटली’ म्हणजे ‘लगेच’, ‘लगतचा’. परीक्षेत आणि कायद्यात तो जाणूनबुजून घातलेला असतो, म्हणून तो दिसला की त्याखाली रेघ ओढा.

‘बाय’सोबत अजून एक जोडी लक्षात ठेवावी. कर्त्याने स्वतः आधी काहीतरी केलं असेल तर ‘विथ’ येतो. ‘शी प्रिसीडेड हर स्पीच विथ अ प्रेअर’ म्हणजे तिने भाषणाच्या सुरुवातीला प्रार्थना घेतली. तेच उलट फिरवलं तर ‘हर स्पीच वॉज प्रिसीडेड बाय अ प्रेअर’. शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमाचा इंग्रजी अहवाल लिहिताना हे दोन्ही नमुने उपयोगी पडतात.

पायरी ३: ‘पुढे’ आणि ‘मागे’ बाजूला ठेवा

ही पायरी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. इंग्रजी शिकवणारी बहुतेक पुस्तकं ती देत नाहीत, कारण ती मराठी वाचकाला समोर ठेवून लिहिलेली नसतात.

एसटीच्या तिकीट खिडकीसमोरची रांग घ्या. माझ्या आधी ज्याचा नंबर आहे तो माझ्या ‘पुढे’ उभा आहे. म्हणजे रांगेत ‘प्रिसीड’ म्हणजे पुढे असणं. आता पुस्तक घ्या. ‘द प्रिसीडिंग पेज’ म्हणजे ‘मागचं’ पान. कॅलेंडर घ्या. ‘द प्रिसीडिंग वीक’ म्हणजे ‘मागचा’ आठवडा. अंक शिकताना आठाच्या ‘मागची’ संख्या सात. म्हणजे एकाच इंग्रजी शब्दासाठी रांगेत ‘पुढे’ आणि पुस्तकात ‘मागे’.

मराठीचं यात काही चुकलेलं नाही. रांग चालणारी असते, तिचं तोंड खिडकीकडे असतं, म्हणून ज्याचा नंबर आधी तो पुढे. काळाकडे मात्र आपण चालत जातो, म्हणून जे होऊन गेलं ते मागे राहतं आणि जे यायचं ते पुढे असतं. दोन्ही बोलणी आपापल्या जागी ठीक आहेत. पण परीक्षेतल्या घाईत डोकं एका बोलण्यातून दुसऱ्यात उडी मारतं आणि बाण उलटा निघतो.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात दिंड्यांची ओळख रथापुढच्या आणि रथामागच्या अशीच सांगतात. इंग्रजीत सांगायचं झालं तर रथापुढच्या दिंड्या ‘प्रिसीड द रथ’, आणि रथामागच्या ‘फॉलो द रथ’. इथे पुढे म्हणजे आधी. पण पालखीचं वेळापत्रक हातात घेतलंत तर ‘पुढचा मुक्काम’ म्हणजे नंतरचा मुक्काम. एकाच वारीत, एकाच दिवशी ‘पुढे’चे दोन अर्थ.

उपाय साधा आहे. ‘प्रिसीड’चं मनातल्या मनात भाषांतर करताना ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे दोन शब्द वापरायचेच नाहीत. फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’. रांगेत माझ्या आधी कोण? पुस्तकात या पानाआधी कोणतं? ‘आधी’ कधी फिरत नाही.

‘परवा’चंही असंच. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोघांना एकच नाव, आणि फरक क्रियापदावरून कळतो. म्हणून दिवसांचं कोडं आलं की ‘परवा’ म्हणू नका, वार लिहा. एक नमुना पाहा: ‘द डे प्रिसीडिंग येस्टरडे’ रविवार होता, तर ‘द डे फॉलोइंग टुमॉरो’ कोणता? कालच्या आधीचा दिवस रविवार, म्हणजे काल सोमवार, आज मंगळवार. उद्या बुधवार, उद्यानंतरचा गुरुवार. उत्तर गुरुवार. वार ओळीने लिहिले तर चुकायला जागाच उरत नाही.

पायरी ४: परीक्षेतला प्रश्न बोट ठेवून सोडवा

बँक, स्टाफ सिलेक्शन आणि तत्सम परीक्षांत अंकांची किंवा अक्षरांची माळ देऊन प्रश्न विचारतात. समजा ही माळ आहे:

६ ७ ४ ९ ७ ४ ७ ४ ३ ४ ७ ४ ८ २

प्रश्न असा: असे किती ४ आहेत जे ‘इमिजिएटली प्रिसीडेड बाय ७’ आहेत, ‘बट नॉट इमिजिएटली फॉलोड बाय ७’?

पहिलं काम, प्रश्नाचं मराठी करा. ४ च्या लगेच आधी ७ हवा, ४ च्या लगेच नंतर ७ नको. ते मराठी कच्च्या कागदावर चित्रासारखं लिहा: ७ ४ ×७. म्हणजे डावीकडे ७, मध्ये ४, उजवीकडे सातावर फुली. माळ डावीकडून उजवीकडे वाचायची असते, त्यामुळे ‘आधी’ म्हणजे डावीकडे. एकदा चित्र काढलं की प्रश्नाच्या इंग्रजीकडे परत बघायचं नाही.

दुसरं काम, फक्त ४ शोधा. या माळेत पाच ४ आहेत. प्रत्येकावर बोट ठेवून शेजारी बघा. पहिल्या ४ च्या डावीकडे ७, उजवीकडे ९: बसला. दुसऱ्याच्या डावीकडे ७, पण उजवीकडेही ७: बाद. तिसऱ्याच्या डावीकडे ७, उजवीकडे ३: बसला. चौथ्याच्या डावीकडे ३ आहे: बाद. पाचव्याच्या डावीकडे ७, उजवीकडे ८: बसला. उत्तर ३.

आता हाच प्रश्न उलट्या दिशेने सोडवून बघा, म्हणजे ‘प्रिसीडेड बाय’चा अर्थ ‘नंतर’ धरून. मग ज्याच्या उजवीकडे ७ आणि डावीकडे ७ नाही असा ४ शोधावा लागेल, आणि तसा फक्त चौथा सापडेल. उत्तर १. हा १ पर्यायांत असणारच, प्रश्न काढणाऱ्याला हा गोंधळ चांगला ठाऊक असतो. उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे बरोबर आलं, असं या प्रकारात कधीच धरू नका.

माळेच्या टोकांकडे लक्ष ठेवा. पहिल्या जागेवरच्या अंकाच्या आधी कुणीच नसतं, त्यामुळे तो कशानेही ‘प्रिसीडेड’ असू शकत नाही.

व्याकरणाची आवड असलेल्यांसाठी थोडं विषयांतर. ‘कोण कुणाच्या आधी’ हे नेमकं सांगायची गरज पाणिनीलाही पडली होती. त्याने अष्टाध्यायीत दोन सूत्रं करून ती भागवली. ‘तस्मिन्निति निर्दिष्टे पूर्वस्य’, म्हणजे सूत्रात सप्तमी वापरली असेल तर कार्य त्याच्या आधीच्या वर्णाला होतं, आणि ‘तस्मादित्युत्तरस्य’, म्हणजे पंचमी असेल तर नंतरच्याला. शाळेत शिकलेली ‘इति + आदि = इत्यादि’ ही संधी याच व्यवस्थेवर चालते: नंतर ‘आ’ आहे म्हणून त्याच्या आधीच्या ‘इ’चा ‘य’ होतो. इंग्रजी जे ‘प्रिसीडिंग’ आणि ‘फॉलोइंग’ने सांगतं, ते पाणिनीने विभक्तीने सांगितलं.

पायरी ५: कायद्यात वर्षं मोजताना चालू वर्ष सोडा

‘प्रिसीडिंग’चा अर्थ चुकला आणि खिशावर परिणाम झाला, असं इथे होऊ शकतं.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मध्ये सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च सांगितला आहे. सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के, आणि ती सरासरी ‘थ्री इमिजिएटली प्रिसीडिंग फायनान्शियल इयर्स’ची. समजा आपण २०२४-२५ चा हिशोब करतो आहोत. मग तीन वर्षं कोणती? २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४. चालू वर्ष यात येत नाही. ‘मागची तीन वर्षं’ असं सैल भाषांतर केलं की नवा कारकून २०२४-२५ धरून तीन मोजतो आणि सरासरीच बदलते.

आयकर कायदा, १९६१ (१ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आयकर कायदा, २०२५) च्या कलम ६ मधली रहिवासाची अटही अशीच होती. आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या आपल्या मंडळींना ती ओळखीची असेल. त्या वर्षी ६० दिवस भारतात, आणि ‘त्या वर्षाआधीच्या चार वर्षांत’ मिळून ३६५ दिवस. हे चार ‘प्रिसीडिंग’ वर्षांचे दिवस वेगळे आणि चालू वर्षाचे ६० वेगळे, दोन्ही एकत्र मिसळायचे नाहीत. भारतीय नागरिकांसाठी या ६० च्या आकड्याला अपवाद आहेत, तेव्हा प्रत्यक्ष विवरणपत्र भरताना सीएला विचारूनच ठरवा. इथे आपल्याला फक्त शब्दाची दिशा बघायची आहे.

कारखान्यातल्या कामगारांच्या तोंडी असलेले ‘२४० दिवस’ही या शब्दाशी बांधलेले आहेत. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली) च्या कलम २५-ब मध्ये सलग सेवेचा हिशोब ज्या तारखेपासून करायचा, त्या तारखेच्या ‘प्रिसीडिंग’ बारा महिन्यांत २४० दिवस काम, असं मोजमाप होतं. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांसाठी १९० दिवस. म्हणजे हिशोबाची तारीख १५ ऑगस्ट २०२४ असेल, तर १५ ऑगस्ट २०२३ ते १४ ऑगस्ट २०२४ हा काळ तपासायचा. जानेवारी ते डिसेंबर नव्हे, एप्रिल ते मार्चही नव्हे. तारखेवर बोट ठेवायचं आणि तिथून उलटं मोजत जायचं.

इथेच ‘प्रीव्हियस’ आणि ‘प्रिसीडिंग’मधला फरक समजतो. ‘प्रीव्हियस’ सैल आहे: आधीचा कुठलाही. ‘माय प्रीव्हियस जॉब’ म्हणतात, ‘माय प्रिसीडिंग जॉब’ म्हणत नाहीत. ‘प्रिसीडिंग’ला ठरलेला क्रम लागतो, पानांचा, वर्षांचा, परिच्छेदांचा, आणि बहुतेक वेळा तो लगतचाच असतो. कायदा तिथेही ‘इमिजिएटली’ जोडतो, कारण ‘बहुतेक वेळा’वर कायद्याचं भागत नाही.

दवाखान्यात आणि शोकवार्तेत

केस पेपरवर ‘फीव्हर प्रिसीडेड बाय चिल्स’ असं लिहिलेलं दिसलं तर पायरी २ ची युक्ती लावा: तापाच्या आधी थंडी. हुडहुडी भरून मग ताप चढतो, तो हाच. मलेरियाचा संशय घेताना डॉक्टर हा क्रम आवर्जून विचारतात. नातेवाइकाने ‘ताप आला आणि थंडी वाजली’ असं उलट सांगितलं तर माहिती बदलते, म्हणून आजाऱ्याची हकिकत सांगताना आधी काय आणि नंतर काय हे नीट आठवून सांगावं.

अमेरिकेतल्या शोकवार्तेत ‘ही वॉज प्रिसीडेड इन डेथ बाय हिज वाइफ’ असं वाक्य येतं. त्याचा अर्थ एवढाच, की त्यांच्या पत्नीचं आधीच निधन झालं होतं. तिथल्या सहकाऱ्याला सांत्वनाचं पत्र पाठवण्याआधी हे वाक्य नीट समजून घ्या, नाहीतर जी व्यक्ती हयात नाही तिच्या नावाने पत्र जाईल.

एक इशारा याच ठिकाणी. ‘प्रिसीड’ फक्त क्रम सांगतो, कारण सांगत नाही. विजेचा लखलखाट गडगडाटाच्या आधी दिसतो, पण लखलखाटामुळे गडगडाट होत नाही. वीज पडताना हवा एकदम तापून फुगते, तिचा तो आवाज. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो आणि आवाज सुमारे ३४० मीटर, म्हणून दिसतं आधी आणि ऐकू येतं नंतर. रिपोर्टमध्ये ‘अ प्रिसीडेड ब’ वाचून ‘अ मुळे ब’ असा निष्कर्ष काढू नका. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते.

घरची मंडळी: प्रेसिडन्स, प्रेसिडेंट, अनप्रेसिडेंटेड

‘प्रिसीड’चा उच्चार करताना जोर ‘सीड’वर द्यायचा. त्याच्यापासून झालेल्या ‘प्रेसिडन्स’ या नामात मात्र जोर पहिल्या ‘प्रे’वर सरकतो.

‘प्रेसिडन्स’ म्हणजे मानाचा किंवा महत्त्वाचा क्रम. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचे गणपती ठरलेल्या क्रमाने निघतात: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. हा अस्सल ‘ऑर्डर ऑफ प्रेसिडन्स’. सरकारी पातळीवर केंद्राचं ‘वॉरंट ऑफ प्रेसिडन्स’ असतं. त्यात राष्ट्रपती पहिले, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे, आणि आपापल्या राज्यात राज्यपाल चौथे. सरकारी समारंभात कुणी कुठे बसायचं ते यावरून ठरतं, अधिकार मात्र त्याने कमी-जास्त होत नाहीत. गणितात ‘कंचेभागुबेव’ म्हणून आपण पाठ करतो तोही प्रेसिडन्सच. ६ + ४ × २ चं उत्तर १४ येतं, २० नव्हे, कारण ‘मल्टिप्लिकेशन टेक्स प्रेसिडन्स ओव्हर अ‍ॅडिशन’. प्रोग्रॅमिंग शिकायला लागलात की हे वाक्य पहिल्याच आठवड्यात भेटेल. ‘टेक्स प्रेसिडन्स ओव्हर’ ही अख्खी रचना पाठ करा, त्यात ‘ओव्हर’ लागतोच.

‘प्रेसिडेंट’ म्हणजे पूर्वीचा निर्णय किंवा दाखला, ज्याच्या आधारे पुढचे निर्णय होतात. त्याला आपल्याकडे ‘पायंडा’ हा नेमका शब्द आहे. ‘चुकीचा पायंडा पडेल’ म्हणजे ‘इट विल सेट अ बॅड प्रेसिडेंट’. न्यायालयात याचं मोल फार. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे, असं संविधानाचं अनुच्छेद १४१ सांगतं. उच्चारात एक खोच आहे. दाखला म्हणजे ‘स’चा प्रेसिडेंट, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणजे ‘झ’चा प्रेझिडेंट. मराठीत आपण अध्यक्षालाही ‘प्रेसिडेंट’ म्हणतो, त्यामुळे इंग्रजी बातमी ऐकताना ‘स’ की ‘झ’ हे कान देऊन ऐकावं लागतं. ‘अनप्रेसिडेंटेड’ म्हणजे ज्याला पूर्वीचा दाखलाच नाही, अभूतपूर्व. हा शब्द अलीकडे इतका स्वस्त झाला आहे की दर पावसाळ्यात वापरला जातो. खरंच पूर्वी कधी झालं नसेल तरच तो लिहावा.

‘प्रिसीड’ आणि ‘प्रोसीड’: स्पेलिंगचा घोळ

दोन्ही लॅटिनच्या एकाच घराण्यातले. ‘सेदेरे’ म्हणजे जाणे. ‘प्रे’ म्हणजे आधी, ‘प्रो’ म्हणजे पुढच्या दिशेने. प्रगती आणि प्रस्थान यांतला आपला ‘प्र’ हा लॅटिन ‘प्रो’चा सख्खा भाऊबंद, हे लक्षात ठेवलं तर अर्थ कधी मिसळणार नाहीत. ‘प्रोसीड’ म्हणजे पुढे जाणे, काम पुढे चालवणे. ‘प्लीज प्रोसीड टू गेट नंबर ५’ ही विमानतळावरची घोषणा त्याचीच. ‘प्रोसीड’ला ‘टू’ लागतो आणि ‘प्रिसीड’ला लागत नाही, हीही एक ओळखीची खूण.

ग्रामपंचायतीत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत, सोसायटीत ‘प्रोसिडिंग बुक’ असतं, सभेचं इतिवृत्त लिहायची वही. ती ‘प्रो’वाली. ‘मागील सभेचं इतिवृत्त’ इंग्रजीत लिहिताना दोन्ही शब्द एका ओळीत येतात: ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द प्रिसीडिंग मीटिंग’. इथे अदलाबदल झाली की वाक्याचा अर्थच जातो, आणि स्पेलचेक ती पकडत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं अस्तित्वात आहेत.

स्पेलिंगचा नियम छोटा आहे आणि पक्का आहे. शेवटी सी-ई-ई-डी असलेली नेहमीच्या वापरातली क्रियापदं तीनच: एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. एस-ई-डी-ई असलेलं एकच: सुपरसीड, आणि त्याचं मूळही वेगळं, लॅटिनमधल्या ‘बसणे’पासून आलेलं. बाकी सगळी सी-ई-डी-ई: प्रिसीड, रिसीड, कन्सीड, सिसीड, अ‍ॅक्सीड, इंटरसीड. म्हणजे तीन आणि एक अशी चार पाठ करा, उरलेली आपोआप ‘प्रिसीड’च्या रांगेत बसतात. ‘प्रोसीड’ला दोन ई असले तरी ‘प्रोसीजर’ लिहिताना सी-नंतर एकच ई राहतो, तिथे सांभाळा.

कुठे वापरू नये

मित्राला मेसेज करताना, घरी, दुकानात हे क्रियापद वापरू नका. ‘माय ब्रदर प्रिसीडेड मी टू द स्टेशन’ व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला सरकारी पत्र ऐकल्यासारखं वाटेल. तिथे ‘केम बिफोर’, ‘रीच्ड बिफोर मी’ पुरे. अहवाल, अर्ज, शोधनिबंध, करार, वैद्यकीय नोंद इथे ‘प्रिसीड’ शोभतो.

हाताने करून बघा

खालची वाक्यं वाचून प्रत्येकाचा बाण काढा, आणि मगच पुढे दिलेलं उत्तर बघा.

‘निज श्रावण वॉज प्रिसीडेड बाय अधिक श्रावण इन २०२३.’ निज श्रावणाच्या आधी अधिक श्रावण. बाण: अधिक → निज.

‘द पेशवाशिप ऑफ बाळाजी विश्वनाथ प्रिसीडेड दॅट ऑफ बाजीराव.’ ‘बाय’ नाही, तेव्हा कर्ता आधीचा. बाळाजी विश्वनाथ → बाजीराव. १७२० साली वडील गेल्यावर बाजीरावांना पेशवाई मिळाली.

‘तुळशीबाग इज इमिजिएटली प्रिसीडेड बाय कसबा.’ हे वाक्य चूक आहे. कसबा गणपती तुळशीबागेच्या आधी असला तरी लगेच आधी गुरुजी तालीम येतो. ‘इमिजिएटली’ काढून टाकलं तर वाक्य बरोबर होतं.

‘इन द वर्ड प्रिसीड, द लेटर सी इज फॉलोड बाय ई.’ खरं. इंग्रजीत सी-च्या नंतर ई, आय किंवा वाय आला की सी-चा उच्चार सहसा ‘स’ होतो, आणि ए, ओ, यू आला की ‘क’. याच वाक्याला ‘प्रिसीड’ वापरून लिहा: ‘द लेटर सी प्रिसीड्स ई.’ दोन्ही वाक्यांचा बाण एकच निघाला पाहिजे: सी → ई.